लोअर केलेली व्हॅन मालासह समतल कशी ठेवावी? घाटातून जाणाऱ्यांसाठी माहिती

बेळगावहून भाजीपाला, दूध, अंडी घेऊन रोज पहाटे गोव्याकडे गाड्या सुटतात. चोर्ला असो वा रामनगर-अनमोड, रस्ता घाटाचाच. या गाड्यांत ओम्नी आणि ईको व्हॅनही असतात. त्यातल्या काही आधीच्या मालकाने हौसेने ‘लोअर’ केलेल्या असतात. सेकंडहँड बाजारात त्या घेतल्या जातात आणि मग त्यांच्यावरच धंदा चालतो. रिकामी असताना अशी गाडी दिसायला झकास. पण तीनशे किलो माल चढला की मागून बसते, तोंड वर करते आणि प्रत्येक खड्ड्यात ‘धाड’ आवाज येतो.

बऱ्याच जणांना हा फक्त दिसण्याचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात ब्रेक, हेडलाइट, स्टिअरिंग आणि टायर या चारही गोष्टी त्यात अडकलेल्या आहेत.

मागूनच का बसते?

ओम्नी आणि ईको या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असते. ड्रायव्हरही पुढेच. त्यामुळे पुढच्या चाकांवरचे वजन रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत फारसे बदलत नाही. मालाचा भार मुख्यतः मागच्या ॲक्सलवर येतो.

ओम्नीला मागे कमान पाटे आहेत, तर ईकोला सरळ ॲक्सलवर कॉइल स्प्रिंग. गाडी लोअर करताना पाट्यांचा बाक कमी करतात, किंवा कॉइल कापतात. दोन्हीत ॲक्सल आणि बॉडी यांच्यातले अंतर घटते. त्या अंतरात बंप स्टॉपचे रबर असते. माल भरल्यावर ॲक्सल त्या रबरावर टेकला की स्प्रिंगचे काम संपले. पुढचा प्रत्येक दणका थेट बॉडीला बसतो आणि वळणावर मागचे चाक उडते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गाडी बसली की अनेक जण शॉकअप बदलतात. साधा शॉकअप वजन पेलत नाही. तो फक्त स्प्रिंगची उसळी आवरतो. वजन पेलते ते स्प्रिंग किंवा पाटा.

आधी माप, मग पाना

गाडी सपाट काँक्रीटवर उभी करावी. टायरची हवा कंपनीच्या स्टिकरप्रमाणे भरावी. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून, चारही कोपरे दाबून सोडावेत, म्हणजे स्प्रिंग मोकळ्या बसतात. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी माप घ्यावे. जमिनीपासून माप घेतले तर टायरच्या हवेचा फरक त्यात मिसळतो. बंप स्टॉप आणि ॲक्सल यांच्यातली फटही मोजून लिहावी.

नंतर नेहमीचा माल नेहमीच्याच जागी भरून, ड्रायव्हर बसवून पुन्हा सगळी मापे घ्यावीत.

समजा, रिकामी असताना पुढे ३४० मिमी, मागे ३५० मिमी आणि बंप स्टॉपची फट ६० मिमी भरली. ३०० किलो मालानंतर पुढे ३३५, मागे २९५ आणि फट ५ मिमी. म्हणजे मागची बाजू ५५ मिमी बसली आणि चालायला जागाच उरली नाही. अशा गाडीला समतल करणे म्हणजे दिसण्यापुरते ४० मिमी उचलणे नव्हे, तर स्प्रिंगला हालचालीची जागा परत देणे.

समतलपणा ठरवायचा तो भरलेल्या गाडीवर. मग तीच गाडी रिकामी असताना मागून थोडी उंच दिसेल. कंपनीतून येणाऱ्या मालवाहू गाड्याही तशाच दिसतात, त्यात चूक काही नाही.

बिनखर्चाचा पहिला उपाय: माल पुढे घ्या

ईकोच्या दोन ॲक्सलमध्ये २३५० मिमी अंतर आहे. १०० किलोचा माल दोन्ही ॲक्सलच्या बरोबर मध्ये ठेवला तर पुढे-मागे ५०-५० किलो पडतात. तोच माल मागच्या ॲक्सलच्या ४०० मिमी मागे, दाराजवळ ठेवला तर मागच्या ॲक्सलवर ११७ किलो येतात आणि पुढची चाके उलट १७ किलोने हलकी होतात. पुढचे चाक हलके झाले की ओल्या घाटात स्टिअरिंग सैल लागते. म्हणून जड क्रेट पुढे आणि खाली, हलके मागे आणि वर. सीटमागे मजबूत जाळी आणि पट्टे मात्र हवेतच, नाहीतर ब्रेक मारल्यावर माल अंगावर येतो.

स्प्रिंगचे काम

कॉइल कापलेली किंवा गॅसने तापवून बसवलेली असेल तर तिच्यावर दुसरा इलाज करत बसू नये. तापवल्याने पोलादाचा टेंपर जातो. कापलेली कॉइल चाक लोंबकळल्यावर आपल्या बैठकीतून निसटू शकते. कंपनीच्या मापाची नवी जोडी टाकणे हाच मार्ग. स्प्रिंग नेहमी जोडीनेच बदलावी.

ओम्नीच्या पाट्यांना चांगला कारागीर पुन्हा बाक देऊ शकतो. तुटलेला किंवा तडा गेलेला पाटा मात्र बदलावाच. यू-बोल्ट नवे घ्यावेत आणि गाडी थोडे दिवस चालल्यावर पुन्हा आवळावेत.

कॉइलच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबर बफर बाजारात मिळतात. ते तेवढे वेढे निकामी करतात, त्यामुळे गाडी थोडी उचलते आणि कडक होते. लहान फरकासाठी ठीक, पण कापलेल्या स्प्रिंगवर तो उपाय नाही.

काही जण कॉइलच्या आत हवेचे फुगे बसवतात. माल असताना हवा भरायची, रिकामी असताना कमी करायची. मात्र बनवणाऱ्याने सांगितलेली किमान हवा कायम ठेवावी. दोन्ही बाजूंना वेगळी नळी घ्यावी. एकच नळी असली तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी जास्त कलंडते.

पुढे फिरवून उंची बदलता येणारी स्प्रिंग असेल तर ‘मागे बसली म्हणून पुढेही बसवा’ हा सल्ला ऐकू नये. आधी मागचे काम पूर्ण करावे, मग पुढचे दोन्ही कॉलर सारखे फिरवावेत. पुढची उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, म्हणून अलाइनमेंट पुन्हा करणे भाग आहे. नाहीतर टायर एका कडेने झिजतात.

विसरले जाते ते: ब्रेक आणि हेडलाइट

अनेक व्हॅन आणि मालवाहू गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेल्या दांडीचा एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो. ॲक्सल आणि बॉडीतले अंतर पाहून तो भार ओळखतो आणि मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी लोअर केली की व्हॉल्व्हला वाटते, माल भरलाय. तो मागे जास्त दाब देतो आणि रिकाम्या गाडीची मागची चाके पावसात लॉक होऊ शकतात. उलट, फुग्याने भरलेली गाडी उचलली की त्याला वाटते, गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक कमी लागतात. उंची बदलल्यावर ही दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे सेट करून घ्यावीच.

हेडलाइटचे गणितही सोपे आहे. ईको मागून ५० मिमी बसली तर ३० मीटरवर झोत सुमारे ६४ सेंटिमीटर वर जातो, म्हणजे समोरच्याच्या थेट डोळ्यांत. घाटात रात्री त्याचा अर्थ काय, हे सांगायला नको. लाइट भरलेल्या गाडीवरच भिंतीसमोर सेट करावेत.

शेवटी भरल्या गाडीत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कुठे घासतो का आणि ब्रेकचा पाइप ताणतो का, ते पाहावे. आठवडाभराने मापे पुन्हा घ्यावीत.

कायदा तिन्ही राज्यांत एकच

पासिंग कर्नाटकाचे असो, गोव्याचे की महाराष्ट्राचे, मोटार वाहन कायदा १९८८ केंद्राचा आहे. कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. म्हणून गाडी कंपनीच्या उंचीवर परत आणणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. वेगळे काही बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

आणखी एक हिशोब. जादा पाटा टाकला वा फुगा बसवला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. कंपनीने ठरवलेल्या भरलेल्या गाडीच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते, त्यात ड्रायव्हरही आला आणि मालही. एकदा माल भरून वजनकाट्यावर जावे. आधी पूर्ण गाडीचा काटा करावा, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवावीत. मागच्या ॲक्सलवर नेमके किती पडते ते कळते. मिस्त्रीकडे जाताना ही पावती आणि मापांचा कागद सोबत नेला तर काम अंदाजाने होत नाही.