पाचशे शब्दांची खुशाली

अंदमानातून वर्षाला एक पत्र घरी येई, हे आपण शाळकरी वयापासून ऐकत आलो आहोत. बंदिवानाची पत्रे किती, याचा हिशेब आपण ठेवतो. त्याने घरच्यांशी कोणत्या भाषेत बोलावे, हे कोण ठरवी, असे मात्र सहसा विचारीत नाही. मला तो प्रश्न पडला नेल्सन मंडेला यांचे आत्मचरित्र वाचताना.

केपटाउनसमोरच्या समुद्रात रॉबेन नावाचे बेट आहे. 1964 च्या जूनमध्ये जन्मठेपेची शिक्षा घेऊन मंडेला तेथे आले. तळच्या वर्गातील कैद्याला तेव्हा सहा महिन्यांतून एक पत्र लिहिता येई, एक घेता येई. शब्द पाचशे, मजकूर केवळ घरगुती. भेटही सहा महिन्यांनी, अर्ध्या तासाची. आणि तीत बोलायचे ते इंग्रजीत नाही तर आफ्रिकान्समध्ये. आफ्रिकी भाषांना बंदी!

कारण उघड आहे. पहारेकऱ्याला कळेल तेवढेच बोलणे चालायचे. म्हणजे नवराबायकोची भाषा खोसा, पण भेटीची भाषा तिसऱ्याच्या सोयीची. मंडेलांची आई नोसेकेनी तर जन्मात शाळेत गेलेली नव्हती. अशा घराला हा नियम काय सांगत होता, ते वेगळे लिहायला नको. पत्रे कमी असण्यापेक्षा मला हीच गोष्ट अधिक क्रूर वाटते.

पत्रांवरही तपासनिसाचा हात फिरेच. विनीचे पहिले पत्र हाती पडले तेव्हा मायन्याखेरीज त्यात फारसे उरले नव्हते. आधी नको त्या ओळींवर शाई फासत. ती धुतली की खालचे वाचता येते, हे ध्यानात आल्यावर पाते घेऊन ओळीच कापू लागले. कागद बहुधा पाठपोट लिहिलेला. एक ओळ कापली की मागची निर्दोष ओळही जाई. चिंध्या झालेली ही पत्रे कैद्यांना देताना त्यांना आनंदच होत असावा, असे मंडेलांनी नोंदले आहे.

भेटीत अनोळखी नाव आले की पहारेकरी मध्येच दरडावी : हा कोण? तुमचा काय लागतो? मग नवराबायकोने त्या परक्या भाषेच्या पोटातच आपली भाषा केली. परदेशातल्या पक्षसंघटनेला नाव दिले ‘चर्च’. चर्च कसे आहे, पाद्री बरे आहेत ना, नवी प्रवचने काय झाली, असे मंडेला विचारीत आणि विनी उत्तरे देत. सारे इंग्रजीत, पहारेकऱ्याच्या देखत.