पडलेलं झाड

मढकडून जुन्नरला जाताना सगळे शिवनेरी दाखवतात. हिवऱ्याची जुनी सरकारी बाग कुणी सांगत नाही. दापोडीच्या वनस्पतिबागेचा अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिथं औषधी झाडं लावायचा. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला.

शेजारच्या आंबेगावात, आहुप्याला, देवराई आहे. देवरायांचा जुना नियम बागेच्या उलट: लावायचं काही नाही, न्यायचंही नाही. पडलेलं झाड तिथंच कुजतं. खोडात किडे, किड्यांमागे पक्षी. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळांनी अशा राया अभ्यासल्या. मला तर बागकामाची खरी अक्कल यातच दिसते.

आता जीर्णोद्धारात देवळाभोवती फरशी येते, पाला जाळला जातो. पुण्यात आमची सोसायटीही बाग अशीच चकाचक ठेवते, आणि चिमण्यांसाठी लाकडी घरटी विकत आणते.