गळकाठीतला कलकत्ता

अमेरिकेतल्या जुन्या गळकाठ्यांविषयीची पुस्तके आणि संग्राहकांच्या याद्या वाचताना एक शब्द मला पुन्हा पुन्हा भेटत राहिला: ‘कलकत्ता केन’. १९व्या शतकात पेनसिल्व्हेनिया आणि मेन या प्रांतांतल्या ज्या कारागिरांनी जगात नाव कमावले, त्यांच्या काठ्या या बांबूच्या होत्या. बांबू आपल्याकडचा. त्याला नाव पडले ते मात्र झाडावरून नाही, रानावरूनही नाही. ज्या बंदरात तो जहाजावर चढला, त्या बंदरावरून पडले. बांबू कोणत्या डोंगरावर वाढला आणि कोणी तोडला, याचा पत्ता त्या नावात उरलेला नाही.

गोड्या पाण्यात गळ टाकून ट्राउट आणि बास पकडणे हा इंग्लंड-अमेरिकेत नुसता छंद नाही, त्यावर एक स्वतंत्र साहित्यपरंपरा उभी आहे. एकांत, वाहते पाणी आणि धीर यांचे गुणगान त्या परंपरेत अखंड चालते. परंतु त्या एकांतात माणसाच्या हाती असते काय? काठी, दोर, गळ, रीळ आणि आमिष. या पाच वस्तूंचा इतिहास तपासू लागले की नदीकाठ मागे पडतो आणि समोर येतात बंदरे, गिरण्या आणि कायदे.

आधी त्या दोन माशांचा फरक ध्यानात घ्यायला हवा, कारण साहित्याची सारी निवड त्यावर ठरते. ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला ठिपकेदार मासा. त्याची नजर तीक्ष्ण. पाण्यावर उतरणाऱ्या माश्या-किडे तो टिपतो आणि जरा संशय आला की दगडाआड जातो. बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला. त्यातला मोठ्या तोंडाचा बास तळ्यांत आणि संथ पाण्यात, पाणवनस्पतींच्या आणि बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाने दबा धरतो. गळाला लागला की तो थेट त्या गुंत्यात शिरतो. म्हणून ट्राउटसाठी दोर दिसता कामा नये आणि बाससाठी तो तुटता कामा नये. ट्राउटची काठी लवचीक हवी, म्हणजे माशाचा हिसका ती स्वतः सोसते आणि बारीक दोर वाचतो. बासची काठी कण्याने ताठ हवी, म्हणजे मासा गुंत्यात शिरण्याआधी खेचून घेता येतो.

ट्राउटसारख्या माशासाठी केलेल्या कृत्रिम माशीचा प्रसिद्ध जुना उल्लेख इ.स. २००च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने केला आहे. मॅसिडोनियातले लोक एका नदीत ठिपकेदार मासे कसे धरतात, ते तो सांगतो. मासे ज्या किड्याला भुलतात, तो किडा हाताळताच त्याचा रंग उडतो आणि पंख मिटतात. गळाला लावण्याच्या तो कामाचा नाही. म्हणून ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणचट रंगाची दोन पिसे बांधतात. काठी सहा फूट, दोरही तेवढाच. सारे साहित्य घरच्या अंगणातले.

आपल्याकडेही याची नोंद आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ (११२९च्या सुमारास) मराठी वाचकाला ठाऊक असतो तो त्यातल्या मराठी पदरचनेमुळे. दशावतारांच्या त्या वर्णनात मत्स्यावतारही आहे. याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणते खाणे घालून एका जागी जमवावे, गळ, दोर आणि काठी कशी असावी, याचा विचार त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी हे प्रकरण अभ्यासकांसमोर आणले. माशाप्रमाणे आमिष बदलावे, ही जाण इथे इंग्रजी ग्रंथांच्या साडेतीनशे वर्षे आधी लिहून ठेवलेली आहे.

इंग्रजीत हे शास्त्र छापले गेले १४९६ मध्ये, विंकिन द वर्ड या मुद्रकाकडून. जुलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या त्या पुस्तिकेचे कर्तृत्व संशयास्पद असले, तरी तिची उपयुक्तता वादातीत आहे. दोर करायचा पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे केस पिळून, आणि पाण्याच्या रंगाप्रमाणे तो रंगवायचा. माशागणिक केसांची संख्या ठरलेली: अगदी बारक्या माशाला एक, ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा, सामनला पंधरा. आज दोराच्या वेष्टनावर ताकदीचा जो आकडा छापतात, त्याचा हा पूर्वज. गळ घरीच करायचा. सुई निखाऱ्यात तापवून मऊ करायची, सुरीने काटा उचलायचा, वाकवायची आणि पुन्हा तापवून पाण्यात विझवायची. पुढे सुयांसाठी प्रसिद्ध असलेले रेडिच हे इंग्रजी गाव गळांचेही माहेरघर झाले. ज्या हाताला सुई करता येत होती, त्याला गळ अवघड नव्हता.

१६५३ साली आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँगलर’ आले आणि १६७६च्या आवृत्तीला चार्ल्स कॉटनने माशी-गळाचा भाग जोडला. झाडझुडूप नसलेल्या नदीत वीस इंची ट्राउट ज्याला दोन केसांच्या दोरावर धरता येत नाही, त्याने स्वतःला गळवाला म्हणवू नये, असे त्याचे मत. पावणेदोनशे वर्षांत नऊ केसांचे दोन झाले! मासा बदलला नव्हता. पकडण्याचा अर्थ बदलला होता. पोटासाठी धरणाऱ्याला जाड दोर परवडतो. खेळासाठी धरणारा मुद्दाम बारीक दोर घेतो आणि स्वतःवर अडचण लादून घेतो. ही हौस वाढली तशी घरच्या वस्तूंची सद्दी संपली.

घोड्याच्या केसाची जागा पुढे रेशीमकिड्याच्या तातीने घेतली. स्पेनमधल्या मूर्सिया परगण्यात कोश विणायच्या बेतात असलेला किडा व्हिनेगरमध्ये मारत आणि त्याच्या रेशीमग्रंथी ओढून एकच लांब तात काढत. वाळली की ती कडक होई. म्हणून नदीवर जाण्याआधी भिजवून ठेवावी लागे. पाण्यात ती जवळजवळ अदृश्य असे, आणि ट्राउटवाल्याला तेच हवे होते.

बासवाल्याची अडचण निराळी होती. माशी-गळात वजन असते दोराला. दोरच हवेत झोकायचा आणि हलकी माशी त्याच्यामागून जाते. बासला मात्र जिवंत बारका मासा आमिष म्हणून लावत. इथे वजन आमिषाला, आणि आमिषाने दोर ओढत न्यायचा; त्यासाठी रीळ मोकळे आणि भरभर फिरायला हवे. १९व्या शतकाच्या सुरुवातीस केंटकीतल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने घड्याळाची दंतचक्रे रिळात बसवली. मूठ एकदा फिरवली की रीळ अनेकदा फिरे. पुढे १९०५ मध्ये इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या लोकरगिरणीवाल्याने स्थिर रिळाचे पेटंट घेतले. कांडीच्या टोकावरून सूत जसे सरसर सुटते, तसा त्याचा दोर न फिरणाऱ्या रिळावरून सुटू लागला. नवशिक्याच्या हाती आज सर्रास दिसणारे रीळ हे गिरणीतल्या कांडीचे वंशज आहे.

आता ‘कलकत्ता केन’कडे येतो. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिपी नावाचा कारागीर बंदुका आणि व्हायोलिने करीत असे. १८४०च्या दशकात त्याने बांबू चिरून, त्याच्या कामट्या तासून, पुन्हा एकमेकींना चिकटवून काठी करायला सुरुवात केली. पुढे मेनमधल्या हायरम लेनर्डने सहा त्रिकोणी कामट्यांची षट्कोनी काठी नावारूपाला आणली आणि कामट्या तासण्याचे यंत्र बसवले. त्यामागचे तत्त्व आपल्या बुरुडाला शिकवावे लागत नाही. बांबूचे बळ त्याच्या पाठीत असते, गाभ्यात नसते. बुरूड टोपलीसाठी पाठ वेगळी काढतो. अमेरिकन कारागिराने सहा पाठी बाहेरच्या बाजूला ठेवून गाभा आत दडवला.

हा कलकत्त्याचा बांबू म्हणजे भारतातला नर बांबू, आपल्या विदर्भातला मानवेल, असे सामान्यतः मानले जाते. त्याच्यावर जळके डाग असत. कारागीर ते टाळून चांगल्या कामट्या निवडत. काठी तयार झाली की तिच्यावर कारागिराचे नाव उमटे. फिलिपी, लेनर्ड ही नावे आज संग्राहकांना पाठ आहेत. बांबू निवडणाऱ्या, तोडणाऱ्या आणि बंदरापर्यंत वाहून नेणाऱ्यांतले एकही नाव काठीवर नाही.

दुसरी वस्तू आपल्या अधिक जवळची. सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात. पाण्यात ते बारक्या माशाच्या डोळ्यासारखे दिसतात, म्हणून व्हिक्टोरियन काळात सामनच्या आणि काही ट्राउटच्या माश्यांना ही पिसे लावायची पद्धत रूढ झाली. एलियनच्या अंगणातल्या कोंबड्याची जागा अशी सातासमुद्रापलीकडच्या रानकोंबड्याने घेतली. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची कातडी आणि पिसे निर्यात करण्यावर बंदी घातली; ब्रिटनने १९२१ मध्ये पिसांच्या आयातीचा कायदा केला. तिकडची मागणी मात्र सरली नाही. आज पाळीव पैदाशीची किंवा नकली पिसे वापरतात. भारतात हा पक्षी १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

याच काळात उलट दिशेचा प्रवासही झाला. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहून महाशीराला इंग्रजी छंदात मानाचे स्थान दिले. तेवढ्याने भागले नाही. १९००च्या सुमारास ट्राउटची अंडी बर्फात ठेवून ब्रिटनहून काश्मीरला आणली गेली. पहिली खेप वाया गेली, दुसरी जगली, आणि श्रीनगरजवळ हारवनला ट्राउटची पैदास सुरू झाली. मासा तिकडचा, काठी तिकडून घडवून आलेली. पाणी तेवढे इथले. जो कच्चा माल म्हणून गेला, तो विलायती घडणीचा होऊन साहेबाच्या सामानातून परतला. यात मला साम्राज्याच्या व्यापाराचा छोटा, पण नेमका नमुना दिसतो.

२०व्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याचा बांबू मागे पडला. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला बांबू अधिक सरळ, अधिक दाट धाग्यांचा निघाला. व्यापाऱ्यांनी त्याला ‘टोंकिन केन’ म्हटले. टोंकिन व्हिएतनाममध्ये! म्हणजे पहिल्या नावाने निदान बंदर तरी खरे सांगितले होते. दुसऱ्याने तेही सांगितले नाही. या बांबूचे शास्त्रीय नामकरण फ्लॉइड मॅक्लूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये केले. पुढे कोरियन युद्धाच्या वेळी, १९५०च्या अखेरीस, अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि हा पुरवठा आटला. तोवर काचतंतूची काठी बाजारात आली होतीच. रेशीमकिड्याच्या तातीला नायलॉनने १९३९ पासून हटवायला सुरुवात केली होती. १९७०च्या दशकात विमानविद्येसाठी विकसित झालेला कार्बनतंतू काठीत शिरला. आजच्या काठीत कोणतेच रान उरलेले नाही.

निवडीचे मूळ सूत्र मात्र १४९६चेच आहे: आधी मासा पाहा, मग पाणी, मग दोर, आणि दोराला शोभेल अशी काठी. ‘मत्स्यविनोदा’चा क्रमही याहून फार वेगळा नाही. बदलले ते एवढेच, की तेव्हाच्या माणसाला आपल्या हातातली प्रत्येक वस्तू कुठून आली हे ठाऊक होते. पेनसिल्व्हेनियाच्या ओढ्याकाठी कलकत्त्याच्या बांबूची काठी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ते ठाऊक असण्याची गरज उरली नव्हती. काठीवर जे नाव होते, ते त्याला पुरेसे होते.