नेवाशाचा नंदादीप

सपाट प्रदेशांतील गांवें पाहुण्याला लवकर वश होत नाहींत. डोंगरावरचा किल्ला दुरूनच आपली कथा सांगूं लागतो. समुद्रकांठचें बंदर गलबतांच्या आठवणी घेऊन उभें असतें. पण काळ्या रानाच्या पटांगणांत, नदीच्या वळणावर वसलेलें लहानसें गांव आपण होऊन कांहींच बोलत नाहीं. २०२४ सालीं ज्याला अहिल्यानगर हें नांव मिळालें, त्या अहमदनगर जिल्ह्यांतील नेवासें हें अशा अबोल गांवांपैकीं एक होय. नगर सोडून ईशान्येस निघावें, इमामपूरचा घाट उतरावा, आणि मग क्षितिजापर्यंत ऊंस, कापूस व ज्वारी यांवांचून दुसरें कांहीं दिसूं नये, अशी ही वाट आहे. हमरस्त्यावरील फाट्यापासून आंत वळलें कीं प्रवरेचें पात्र येतें. तिच्या दोन्ही तीरांवर खुर्द आणि बुद्रुक अशा दोन नांवांनीं हें गांव पसरलेलें आहे.

बहुतेक यात्रेकरू येथें येतात ते एका दगडी खांबाच्या दर्शनासाठीं. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली, तो हा खांब, अशी परंपरा आहे. खांब पाहून, मोहिनीराजाच्या देवळांत जाऊन मंडळी परततात. गांवाच्या कडेला जें टेकाड आहे, तिकडे फारसें कोणी फिरकत नाहीं. वस्तुतः या गांवाचा इतिहास वाचावयाचा तर खांब आणि टेकाड हीं दोन्ही पानें जोडून वाचलीं पाहिजेत. एक सोडून दुसरें वाचणारास अर्धाच अर्थ लागतो, असें मला तेथें गेल्यावर वाटलें.

आधीं टेकाडाची गोष्ट. त्याला लोक लाडमोड म्हणतात. आपल्याकडे गांवाचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे: शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. पिढ्यान् पिढ्या मातीच्या भिंती उभ्या राहाव्या, पडाव्या, चुलींची राख त्यांत मिसळावी, पुन्हा त्यावर नवीं घरें उठावीं. अशा रीतीनें पांढरीची उंची वाढत जाते. लाडमोड म्हणजे अशी सांचत गेलेली पांढरच. इ. स. १९५४ ते १९५६ या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक हसमुख धीरजलाल सांकलिया यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह येथें उत्खनन केलें. त्याचा विस्तृत वृत्तांत १९६० सालीं प्रसिद्ध झाला. इतिहासाकडून प्रागितिहासाकडे, अशा अर्थाचें नांव त्या ग्रंथाला दिलेलें आहे, आणि तें यथार्थ आहे. वरचा थर मराठे व मुसलमानी अमदानीचा, त्याखालीं सातवाहनांचा, त्याखालीं तांबें व दगड बरोबरीनें वापरणाऱ्या शेतकऱ्यांचा, आणि नदीच्या कांठावरील दगडगोट्यांच्या घट्ट थरांत तर शेतीची कल्पनाहि ज्यांना नव्हती अशा आदिमानवांचीं हत्यारें. अश्मयुगाच्या मधल्या टप्प्यांतील जीं लहान, छिलक्यांचीं हत्यारें येथें व्यवस्थित थरांत सांपडलीं, त्यांवरून त्या हत्यारांच्या परंपरेला विद्वानांनीं नेवाशाचेंच नांव दिलें. गांवाच्या कीर्तीचा हा प्रकार गांवांतील फार थोड्या लोकांना ठाऊक असेल.

परंतु माझें मन गुंतलें तें दगडांत नव्हे. त्या तांब्या-दगडाच्या काळांतील, म्हणजे सुमारें तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या माणसांनीं, आपलीं गेलेलीं मुलें घराबाहेर टाकलीं नाहींत. दोन मातीचे घट तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत मुलाचा देह असे, आणि हें सारें राहत्या घराच्या जमिनीखालीं पुरलें जाई. आईच्या चुलीपासून चार हातांवर मूल निजलेलें असे. असल्याच एका मुलाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ सांपडली. तांब्याच्या क्षारांनीं मण्यांतील दोरा टिकून राहिला होता. तो तपासतां त्यांत कापूस व रेशीम यांचे तंतू आढळले. भारतांतील रेशमाच्या अत्यंत प्राचीन पुराव्यांत या दोऱ्याची गणना होते. ज्या घरांत भांडीं मातीचीं, अवजारें बहुतांशीं गारगोटीचीं, त्या घरानें मुलासाठीं रेशमाचा दोरा मिळविला. तो कोठून मिळविला, किती मोलानें मिळविला हें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. लिहिण्याची कलाच त्यांच्यापाशीं नव्हती. पण तो दोरा वाचावयास लिपि लागत नाहीं.

याच लोकांची तांबडी, काळ्या रेघांनीं चितारलेली, टिचकी मारली असतां धातूसारखी वाजणारी भांडीं प्रवरेच्याच कांठीं संगमनेर तालुक्यांतील जोर्वे येथें प्रथम नीट ओळखलीं गेलीं. त्यामुळें त्या संस्कृतीला जोर्वे हें नांव पडलें. प्रवरा ही त्या काळची राजवाटच होती. जोर्वे, दायमाबाद, नेवासें हीं तिच्यावरचीं ठाणीं. आणि मग इ. स. पूर्व सुमारें १००० च्या आगेमागें नेवाशाची वस्ती उठली. पुढें कित्येक शतकें तेथें चूल पेटल्याची खूण नाहीं. दक्षिणेंतील इतरहि अनेक वस्त्या त्या सुमारास ओस पडल्या. पाऊस कमी होत गेला व शेती पिकेनाशी झाली, हें त्याचें एक मुख्य कारण असावें, असें बहुतेक विद्वान् मानतात. आज हा प्रदेश उसानें हिरवागार दिसतो तो भंडारदरा आणि मुळा धरणांच्या कालव्यांमुळें. हा हिरवेपणा पाहून भुलणाऱ्यानें टेकाडांतील तो रिकामा थर विसरूं नये.

गांव पुन्हा वसलें तें सातवाहनांच्या वेळीं. गोदावरीच्या कांठानें खालीं गेलें असतां पैठण लागतें. तेथें राजधानी झाल्यावर तिच्या वाटेवरील नेवाशाला महत्त्व येणें साहजिक होतें. या थरांत सातवाहनांचीं नाणीं सांपडलीं, आणि समुद्रापलीकडून, पश्चिमेकडील देशांतून माल भरून आलेल्या उंच कुंभांचे तुकडेहि सांपडले. ज्या गांवाला आज आगगाडीचें स्टेशन नाहीं, त्या गांवीं एके काळीं परदेशचा माल उतरत होता.

आतां खांबाकडे वळूं. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ग्रंथकारानें स्थळकाळ नोंदला आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हें वर्ष. यादवराजा रामचंद्र याचें राज्य. सच्चिदानंदबाबा हा लेखक. आणि स्थळ गोदावरीच्या दक्षिण तीरावरील, जेथें श्रीमहालयेचा वास आहे असें पंचक्रोश क्षेत्र. चिकित्सक वाचकाला येथें शंका येते. नेवासें तर प्रवरेवर. मग ग्रंथांत गोदावरी कां? याचें उत्तर नकाशा पाहिल्यावर मिळतें. प्रवरा नेवाशावरून पुढें जाऊन प्रवरासंगम येथें गोदेला मिळते, आणि तें ठिकाण गांवापासून कांहीं कोसांवरच आहे. क्षेत्राची सीमा पांच कोसांची धरली, तर नेवाशाला गोदातीर म्हणण्यांत कवीनें कांहीं चूक केली नाहीं. त्यानें लहान नदीची ओळख मोठ्या नदीच्या नांवानें दिली. महालया म्हणजे खंडोबाची म्हाळसा, असें मानणारी परंपरा आहे, आणि म्हाळसेचें माहेर नेवासें हें तर महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक आहे. अर्थात् ग्रंथाच्या शब्दांनीं नेवाशाचा दावा बळकट होतो, तो केवळ लोकांच्या श्रद्धेवर उभा नाहीं.

खांबाचें तसें नाहीं. ज्या करवीरेश्वराच्या देवळाचा तो होता तें देऊळ केव्हांच नाहींसें झालें. उघड्यावर एकटा खांब उरला, आणि आज दिसणारें मंदिर अलीकडच्या काळांत त्याच्याभोंवतीं बांधलें गेलें. खांबावर संस्कृतांत एक लेख आहे. मोठ्या उत्सुकतेनें वाचावयास जावें, तर त्यांत ज्ञानेश्वरांचें नांव नाहीं, गीतेचा उल्लेख नाहीं, कोणा राजाची बिरुदावली नाहीं. करवीरेश्वरापुढील अखंड दिव्याच्या तेलासाठीं आजोबांनीं दरमहा जी रक्कम लावून दिली, ती चंद्रसूर्य असेतों चालावी, एवढाच त्याचा आशय आहे. कोणा नातवानें आजोबांचा शब्द दगडावर कोरून घेतला, बस्स.

हा लेख वाचून इंग्रजी शिक्षणांत वाढलेल्या माझ्यासारख्याच्या मनांत पहिला विचार येतो तो असा, कीं मग परंपरेला पुरावा कोणता? हा प्रश्न विचारणें योग्यच आहे. खांबावरील अक्षरांनीं ज्ञानेश्वरांचें येथील वास्तव्य सिद्ध होत नाहीं, हें भाविकांनींहि मोकळ्या मनानें मानावें. मानल्यानें ज्ञानेश्वरीची एक ओवीहि कमी होत नाहीं. तथापि संशयी वाचकानेंहि येथेंच थांबूं नये. या ठिकाणीं शिवाचें एक देऊळ होतें, त्यांत रात्रंदिवस दिवा जळत असे, आणि त्या दिव्याचें तेल पिढीजात चालावें अशी काळजी वाहणारें एक घर या गांवांत होतें, एवढें हा दगड निश्चित सांगतो. पैठणहून परततां वाटेंत थांबलेल्या, स्वतःचें घर नसलेल्या चार भावंडांना अशा देवळावांचून दुसरा आश्रय कोणता असणार? दुर्गा भागवत यांच्या १९७० सालच्या ‘पैस’ या पुस्तकाचें नांव याच खांबावरून आलें. पैस म्हणजे विस्तार. ज्ञानेश्वरांना लागला तेवढा पैस एका नातवानें राखलेल्या दिव्याच्या उजेडांत मावला असेल, तर त्यांत अशक्य असें कांहीं नाहीं.

श्रद्धा आणि चिकित्सा यांचें वैर आपण उगाच गृहीत धरतों. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत जे अपपाठ शिरले होते, ते ताडून शुद्ध प्रत सिद्ध करण्याचें काम शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४, मध्यें एकनाथांनीं केलें. पैठणच्या त्या भक्ताइतका ज्ञानेश्वरांवर प्रेम करणारा दुसरा कोण होता? पण प्रेम होतें म्हणूनच पाठ तपासावा असें त्यांना वाटलें. नेवाशाच्या खांबाकडे पाहतांना तीच दृष्टि ठेवणें उचित होय.

असा अनुभव आपल्याच देशांत येतो असें नव्हे. सर्बियाच्या उत्तरेकडील सपाट मैदानांत, सावा नदीच्या कांठीं, स्रेम्स्का मित्रोवित्सा नांवाचें एक लहान शहर आहे. त्याच्या रस्त्यांखालीं सिर्मियम हें रोमन साम्राज्याचें नगर गाडलेलें आहे. इ. स. २९३ नंतर साम्राज्य चौघांत वांटलें गेलें, तेव्हां चार राजधान्यांपैकीं एक हीच. तेथें राजवाडा होता, रथशर्यतींचें मैदान होतें, टांकसाळ होती. इ. स. ५८२ मध्यें दीर्घ वेढ्यानंतर आवार लोकांनीं तें घेतलें. त्या वेढ्याच्या दिवसांत कोणी एका नागरिकानें विटेवर ग्रीक भाषेंत प्रार्थना खरडून ठेवली: प्रभूनें या नगराला साह्य करावें, आवारांना मागें हटवावें, आणि राज्याचें व लिहिणाराचें रक्षण करावें. सम्राटांच्या आज्ञा विसरल्या गेल्या. ती वीट मात्र वाचणाराच्या काळजाला भिडते. नेवाशाचा खांब आणि ती वीट हीं एकाच जातीचीं लेखनें आहेत. लिहिणाराला कीर्ति नको होती. त्याला आपल्या गांवांत कांहींतरी विझूं द्यावयाचें नव्हतें.

नेवाशावर तशी पाळी यावयास फार वेळ लागला नाहीं. ज्ञानेश्वरी पुरी झाल्यावर अवघ्या सहा वर्षांनीं, १२९६ सालीं, ज्ञानेश्वरांनीं आळंदीस समाधि घेतली आणि त्याच वर्षीं अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर धाड घातली. ज्याच्या राज्यांत हा ग्रंथ झाला म्हणून कवीनें गौरवानें नोंद केली, त्या रामचंद्राला खंडणी देऊन जीव वांचवावा लागला. राज्य गेलें, करवीरेश्वराचें देऊळ गेलें, दिवाहि विझला. सुमारें नऊ हजार ओव्या मात्र राहिल्या, कारण त्या दगडावर नव्हत्या, लोकांच्या जिभेवर होत्या. गीतेचा अर्थ पंडितांच्या भाषेंत सांगितला असता तर तो पंडितांबरोबरच भटकला असता. तो बायकापोरांच्या बोलींत सांगितला गेला, म्हणून देवळाच्या भिंती पडल्यावरहि त्याला घर उरलें.

मोहिनीराजाचें देखणें देऊळ याच्याहि पुष्कळ मागाहूनचें. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं तें १७७३ मध्यें बांधविलें. समुद्रमंथनानंतर मोहिनीनें येथेंच अमृत वांटलें, पंक्तींत शिरलेल्या राहूचें शिर जेथें पडलें ती राहुरी, आणि अमृत वाहून नेणारी ती अमृतवाहिनी प्रवरा, अशी कथा पुजारी सांगतात. कथा म्हणून ती सुरेख आहे. पाण्याला अमृत म्हणणाऱ्या माणसांनीं दुष्काळ पाहिलेला असतो, एवढें तिच्यांतून इतिहासकारानें घ्यावें.

परततांना मी पुन्हा टेकाडाच्या बाजूनें आलों. पांढरीची माती शेताला खत म्हणून आणि धाब्याला लेप म्हणून उपयोगी पडते. म्हणून दक्षिणेंतील कित्येक जुनीं टेकाडें खणून, गाड्या भरून नेलीं गेलीं आहेत. खांबाभोंवतीं मंदिर उभें राहिलें, त्याला राखणारे हात पुष्कळ आहेत. टेकाडाला तसे हात नाहींत. आपल्या मुलांना नेवाशास नेणाऱ्या आईबापांनीं खांबाला नमस्कार झाल्यावर त्यांना नदीकांठच्या या मातीपाशींहि आणावें. आजोबांच्या तेलाची चिंता करणारा नातू आणि मुलाच्या गळ्यांत रेशमाचा दोरा बांधणारी आई यांच्यामध्यें अडीच हजार वर्षांचें अंतर आहे. तें अंतर भरून काढणारी माती येथें आहे, आणि ती एकदां उचलून नेली कीं परत रचतां येत नाहीं.