मार्सेची आरोग्यचौकी

मार्से हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदर ख्रिस्तपूर्व ६००च्या सुमारास ग्रीक वसाहतकारांनी वसवले, आणि तेथे जाणाऱ्या प्रवाशाला आज जुन्या बंदराभोवतीचे किल्ले, नोत्र-दाम-द-ला-गार्द हे टेकडीवरचे चर्च आणि समोरच्या समुद्रातील शातो दीफ हा तुरुंग-किल्ला आवर्जून दाखवला जातो. बंदराच्या मुखाशी, सेंट-जाँ किल्ल्याच्या पायथ्याला, १७१९ साली उभारलेली आरोग्यचौकी मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वास्तविक या शहराचा इतिहास समजून घ्यायचा तर आरंभ तेथूनच करायला हवा.

१६६९च्या राजाज्ञेने मार्सेला मुक्त बंदराचा दर्जा मिळाला आणि लेव्हांतशी, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रदेशाशी चालणाऱ्या फ्रेंच व्यापाराचा जवळजवळ मक्ताच त्याच्या हाती आला. ज्या बंदरांतून रेशीम आणि कापूस येई, त्यांतच प्लेगही वारंवार डोके वर काढत असल्याने प्रत्येक जहाजाच्या तपासणीची एक काटेकोर पद्धत येथे रूढ झाली होती. परतणारे जहाज आधी पोमेग बेटाशी थांबे आणि कप्तान होडीने चौकीपर्यंत येऊन आपले आरोग्यपत्र सादर करी. हे पत्र म्हणजे जहाज ज्या बंदरातून निघाले तेथे साथ होती की नव्हती, याविषयी फ्रेंच वाणिज्यदूताने दिलेला दाखला. हाताळण्यापूर्वी ते व्हिनेगरमध्ये बुडवले जाई. दाखला स्वच्छ आहे, संशयास्पद आहे की दूषित, यावरून विलगीकरणाची मुदत ठरे. शहराच्या उत्तरेला आराँक येथे तटबंदी घातलेले लाझारेत, म्हणजे विलगीकरणाचे आवार होते. तेथे प्रवासी ठेवले जात आणि कापसाच्या गासड्या उघडून कित्येक दिवस हवेवर टाकल्या जात, कारण संसर्ग कापडात दडून राहतो अशी त्या काळच्या वैद्यांची धारणा होती. या साऱ्यावर देखरेख करणारे आरोग्य मंडळाचे सदस्य बिनपगारी असत आणि ते शहरातील व्यापारी वर्गातूनच निवडले जात. व्यवस्थेचे बळ त्यात होते, कारण जहाजांची खडान्‌खडा माहिती याच लोकांना असे. तिचा कमकुवत दुवाही नेमका तोच होता.

२५ मे १७२० रोजी ग्राँ-सँ-आँत्वान हे जहाज सैदा, त्रिपोली आणि सायप्रस या बाजूने मौल्यवान कापड घेऊन आले. निघतानाचे दाखले स्वच्छ होते, परंतु वाटेत एक प्रवासी, अनेक खलाशी आणि खुद्द जहाजावरचा शस्त्रवैद्य दगावला होता आणि इटलीतील लिव्होर्नो बंदराने जहाजाला प्रवेश नाकारला होता. अशा जहाजाने दूरच्या जार बेटाशी थांबावे, असा संकेत होता. तरीही मंडळाने किमती माल थेट आराँकच्या आवारात उतरवू दिला. मालाच्या भागीदारांत ज्याँ-बाप्तिस्त एस्तेल हे शहराचे पहिले नगराधिकारी होते आणि असा माल जिथे विकला जाई ती बोकेरची मोठी जत्रा जुलैमध्ये भरायची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या सवलतीचे कारण फार शोधावे लागत नाही. नियम अपुरा नव्हता. तो मोडण्यात ज्यांचा लाभ होता, त्यांच्याच हाती तो सोपवलेला होता.

जूनच्या अखेरीस शहराच्या दाट वस्तीच्या गल्ल्यांत मृत्यू सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये प्रेते उचलायला माणसे मिळेनाशी झाली. तुरेतच्या मोकळ्या जागेवर कुजत पडलेली सुमारे हजार-बाराशे प्रेते शेव्हालिए रोझ यांनी सैनिक आणि गलबतांवरचे कैदी हाताशी धरून १६ सप्टेंबरला तटाच्या पोकळ बुरुजांत लोटून चुन्याने बुजवली. या अधिकाऱ्याचे धैर्य इतिहासाने मानले, पण नावे न उरलेल्या त्या कैद्यांपैकी फारच थोडे जगले, हेही तितक्याच ठळकपणे नोंदवले पाहिजे. सुमारे ९०,००० वस्तीच्या शहरातील जवळपास निम्मी माणसे मेली. रीजंटच्या, म्हणजे बालराजाच्या वतीने राज्य चालवणाऱ्या कारभाऱ्याच्या आज्ञेने जहाज जार बेटाशी जाळण्यात आले, कप्तान शातो यांना शातो दीफमध्ये कैद झाली आणि १७२१ साली साथ पुढे सरकू नये म्हणून व्होक्लूजच्या डोंगराळ भागात सुमारे २७ किलोमीटर लांबीची दगडी भिंत उभारण्यात आली, जिचे अवशेष आजही दिसतात. जहाजाचे अवशेष १९७८ साली पाणबुड्यांना सापडले. त्याचा नांगर शहराच्या इतिहास संग्रहालयात आहे.

प्लेग ओसरला, तरी विलगीकरणाची गरज सरली नाही. एकोणिसाव्या शतकात पिवळ्या तापाच्या भयाने रातोनो बेटावर कॅरोलिन रुग्णालय बांधले गेले, आणि पुढे नव्या गोद्यांसाठी आराँकचे आवार पाडण्यात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग फुटला, तेव्हा युरोपीय राष्ट्रांनी पुढच्याच वर्षी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरवली; सुएझमार्गे मुंबईचे टपाल आणि प्रवासी उतरवून घेणाऱ्या मार्सेसारख्या बंदरांना तो प्रश्न दूरचा नव्हता. मुंबईतील साथीत काम केलेले फ्रेंच वैद्य पोल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून प्लेगचा प्रसार उंदरांच्या पिसवांमार्फत होतो, हे दाखवून दिले. ही पिसू कापडात आणि गासड्यांत दीर्घ काळ तग धरू शकते. १७२०च्या जूनमध्ये आराँकच्या आवारात त्या गासड्या उघडणारे हमाल सुरुवातीलाच का मेले, याचा उलगडा त्यामुळे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी झाला.