बाटलीवरची कातरलेली पट्टी

आमचे अण्णा मिरजेत एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल काढलं आणि मिरज हळूहळू डॉक्टरांचं गाव झालं. डॉक्टरांची नावं रस्त्यांना लागली. ज्यांच्या हातून औषध पेशंटच्या पोटात जायचं, ते कंपाउंडर मात्र आडोशालाच राहिले. माझं औषधांचं दुकान आहे, तेव्हा ही उणीव जरा जास्तच खुपते.

बाटली पेशंटनं घरून आणायची. अण्णा आधी तिचा वास घेत. रॉकेलचा वास आला की बाटली परत, मग समोर कितीही गर्दी असो. मिक्श्चर ओतून झालं की कागदाची अरुंद पट्टी दुमडून कात्रीनं खाचा पाडायच्या आणि डिंकानं बाटलीवर चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं, अशी ती सोय. मापं विलायती होती: साठ मिनिमांचा एक ड्राम, आठ ड्रामांचा एक औंस. फळीवरची बरणी उचलताना लेबल वाचायचं, ओतताना वाचायचं, परत ठेवताना पुन्हा वाचायचं. विषारी औषधं कुलपात.

या कडक शिस्तीला कारण होतं. भूक लागावी म्हणून टॉनिकात टिंक्चर नक्स व्होमिका, म्हणजे कुचल्याचा अर्क घालत. कुचल्यात स्ट्रिक्निन असतं. स्ट्रिक्निन आणि ब्रोमाइड एका बाटलीत पडले की साका धरतो आणि हळूहळू तळाशी बसतो. वरचे डोस बिनधोक, शेवटचा जीवघेणा. अगाथा ख्रिस्तीनं आपल्या पहिल्याच कादंबरीतला खून याच रसायनावर बेतला. पहिल्या महायुद्धात ती स्वतः इंग्लंडमध्ये औषधं बनवण्याचं काम करायची, त्यामुळे तिला हे पुरतं ठाऊक होतं. ‘बाटली हलवून घ्या’ हे अण्णा प्रत्येकाला बजावत.

आणखीही बरंच बजावत. लोहाचं औषध असेल तर, “संडासला काळी होईल, घाबरू नका.” बेलाडोना असेल तर, “तोंडाला कोरड पडेल.” क्विनाइनला, “कान वाजतील.” सल्फाच्या गोळ्या दिल्या की, “तांब्या-तांब्यानं पाणी प्या,” कारण त्या गोळ्यांचे खडे मूत्रपिंडात अडकत. सांधे धरणाऱ्या तापात डॉक्टर सॅलिसिलेटचा डोस कान वाजेपर्यंत चढवत नेत, मग जरा उतरवत. त्या काळी दुष्परिणाम हाच डोसाचा काटा होता. तो लपवून चालणारच नव्हतं. पेशंटनं येऊन सांगितला तरच पुढचं ठरायचं.

पण त्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. बाटलीवर काय लिहिलेलं असे? पेशंटचं नाव आणि ‘दिवसातून तीन वेळा’. आत काय आहे हे दोघांनाच ठाऊक, डॉक्टर आणि कंपाउंडर. सल्फानं एखाद्याच्या अंगावर चट्टे उठले आणि तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, तर सांगणार काय? “पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या, साहेब.” आज ज्याला आपण ॲलर्जीची नोंद म्हणतो, ती करायची म्हटलं तरी औषधाला नावच नसे.

बाजारात तर त्याहून अंदाधुंदी. क्विनाइनच्या नावाखाली काहीही खपत होतं. त्याची चौकशी करायला १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रांची समिती नेमली गेली, आणि कायदा व्हायला १९४० उजाडलं. १९४८ चा फार्मसी कायदा आल्यावर हातानं शिकलेल्या कंपाउंडरांनाही पाच वर्षांच्या अनुभवावर पहिल्या नोंदणीत जागा मिळाली. अण्णांचं नाव तसंच लागलं.

मधल्या काळात अमेरिकेत सल्फाचं पातळ औषध निघालं होतं, रासबेरीच्या चवीचं. विरघळवायला वापरलं डायइथिलिन ग्लायकॉल: गोड, दाट, स्वस्त आणि मूत्रपिंडं निकामी करणारं. १९३७ मध्ये शंभरावर माणसं गेली, त्यांत मुलं पुष्कळ. विकण्याआधी चाचणी घ्यावी असा कायदाच तिथं नव्हता. ‘एलिक्सिर’ म्हटलं आणि त्यात अल्कोहोल नाही, एवढ्याच मुद्द्यावर खटला भरता आला. नवा कायदा पुढच्या वर्षी आला.

तेच विष १९८६ च्या सुरुवातीला मुंबईत जे. जे. रुग्णालयात पोचलं. डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब उतरवण्यासाठी पेशंटना ग्लिसरीन पाजत. आलेल्या मालात डायइथिलिन ग्लायकॉल होतं. चौदा माणसं दगावली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उकरून काढली. डॉक्टरांनी लिहिलेलं बरोबर, वॉर्डात दिलेलं बरोबर, बाटलीवरचं लेबलही बरोबर. तीनदा काय, तीसदा वाचलं असतं तरी काही कळलं नसतं. अण्णांच्या शिस्तीत याला उत्तर नव्हतं. त्याला प्रयोगशाळा लागते आणि ड्रम उघडून नमुना घेणारा माणूस लागतो. २०२५ मध्ये छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधानं गेली, काहींना उपचाराला नागपूरला आणलं होतं, तेव्हाही तपासणीत हेच नाव निघालं.

आता पाकिटावर नाव आहे, तारीख आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत अशा गोळ्यांवर तांबडी रेघ आहे. २०१४ पासून ठरावीक अँटिबायोटिक्सची विक्री वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं जपावी लागते. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोडही आला. एवढं सगळं छापलेलं असताना गिऱ्हाईक म्हणतं, “काका, दोनच द्या.” मी कात्री घेतो. नाव, तारीख, बॅच नंबर बहुतेक वेळा माझ्याकडच्या तुकड्यावरच राहतात. मग मी लहान पाकीट घेऊन पेननं सगळं उतरवतो, ‘जेवणानंतर’ लिहितो आणि झोप येणारी गोळी असेल तर विचारतो, “गाडी चालवत जाणार का?” मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावरून फोन दाखवत म्हणतो, “आवरा की, पैसे पाठवलेत.”