संगीतसंग्रह-शोधसाधने

ध्वनिमुद्रिका, ध्वनिफिती व स्वरलिपीबद्ध बंदिशी यांच्या संग्रहातून राग, ताल, कलावंत, गानप्रकार इ. निकषांवरून हवी ती कृती शोधून देणारी व्यवस्था. बंदिशींचे संकलन, संग्रहालयातील सूची आणि संगणकीय आज्ञावली ही तिची क्रमाने विकसित झालेली रूपे होत. महाराष्ट्रात या तिन्ही रूपांची परंपरा सलग आढळते.

हिंदुस्थानी संगीतातील बंदिशी दीर्घकाळ घराण्यांच्या स्मरणातच राहिल्या. एखाद्या वृद्ध गायकाच्या निधनाबरोबर त्याच्या संग्रहातील चिजाही नष्ट होत. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर प्रवास करून अशा बंदिशी मिळविल्या आणि हिंदुस्थानी संगीत-पद्धति : क्रमिक पुस्तक मालिका या सहा भागांच्या मराठी ग्रंथात स्वरलिपीसह रागवार प्रसिद्ध केल्या. रागांची मांडणी त्यांनी दहा थाटांत केली. त्यामुळे घराण्याबाहेरील विद्यार्थ्यालाही रागाच्या नावावरून बंदिशीपर्यंत पोहोचता येऊ लागले. मात्र वर्गीकरणाच्या मर्यादाही तेथेच दिसून आल्या. भूप व देशकार या रागांचे पाच स्वर एकच. तथापि पहिल्यात गांधार व दुसऱ्यात धैवत वादी असल्याने भातखंडे यांनी त्यांची गणना अनुक्रमे कल्याण व बिलावल या थाटांत केली. केवळ स्वरांच्या यादीवरून राग ओळखता येत नाही, ही अडचण पुढे यंत्रांनाही भेडसावणार होती.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात आरंभ झाला. गौहरजान या गायिका गायनाच्या अखेरीस स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. मुद्रिका परदेशी कारखान्यात तयार होत असल्याने तिच्यावर योग्य नाव छापले जाण्यास ही घोषणा उपयोगी पडे. सूचीकरणाची माहिती अशा रीतीने ध्वनीतच नोंदली गेली. पुढे मुद्रिकेवरील कागदी चिठ्ठी व कंपन्यांच्या छापील याद्या हीच शोधाची मुख्य साधने राहिली. साथीदार, ताल, बंदिशीचे कर्ते यांचा त्यांत अनेकदा उल्लेख नसे. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या भैरवीची मुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवरील ध्वनितबकडीसाठी निवडली गेली, तेव्हा ती बाजारात मिळत नव्हती. न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात शोध घेतल्यावर तिच्या प्रती हाती लागल्या.

मुंबईत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने (एन्‌सीपीए) ध्वनिमुद्रणांचा संग्रह उभारला. पुण्यात १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत व अभिजात संगीत यांचे संग्रह-संशोधन केंद्र सुरू झाले. ते पुढे दिल्ली परिसरात हलविण्यात आले. मुंबईतच १९९० मध्ये मुद्रिका-संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली.

संगणकीय शोधाच्या दृष्टीने बार्सेलोना येथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाचा ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्प (२०११–१७) महत्त्वाचा होय. त्यात मुंबई व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांचा सहभाग होता. हिंदुस्थानी संगीताला निश्चित उंचीचा षड्ज नसल्याने प्रथम गायकाचा षड्ज ठरवून मग स्वरांचे मापन करावे लागते. या प्रकल्पातून निर्माण झालेल्या ‘दुनिया’ या संग्रहात राग, ताल, लय व कलावंत यांनुसार शोध घेता येतो आणि इतर आज्ञावलींनाही त्याची माहिती मागविता येते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावली माणसाच्या वतीने अशी साधने स्वतः वापरतात. त्यासाठी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक साधनाचे नाव, कार्य व त्याला द्यावयाची माहिती यांचे शब्दांत वर्णन असते. ते वाचूनच एजंट साधनाची निवड करतो. म्हणून वर्णनातील संदिग्धता ही येथे प्रत्यक्ष चूक ठरते. कर्नाटक संगीतातील ‘हिंदोळम्’ हा हिंदुस्थानी मालकंसाशी जुळतो, हिंडोलाशी नव्हे. ही सूचना नसल्यास भलताच राग पुढे येईल. तसेच कलावंताची नोंद संग्रहात नसल्यास साधनाने ‘नोंद नाही’ असे स्पष्ट कळविले पाहिजे. अन्यथा एजंट रिकामी जागा तर्काने भरतो आणि चुकीचे नाव खरे म्हणून प्रसृत होते. अनामिक राहिलेल्या साथीदारांच्या बाबतीत ही हानी भरून काढणे अवघड असते.

नवी मुंबईत ऐरोली, महापे या भागांत मोठी माहिती-केंद्रे उभी राहिल्याने ध्वनी साठविण्याची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. साठविलेले सापडणे मात्र अद्यापही नोंद करणाऱ्या जाणकारावरच अवलंबून आहे. रागाचे नाव, त्याचे पर्याय, मतभेद व अज्ञात बाबी यांची प्रामाणिक नोंद हे काम भातखंडे यांच्या काळी जितके आवश्यक होते, तितकेच ते आजही आहे.